औषधाची एकच वही



गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांकडून जी पत्रे आली, त्यांतील तीन पत्रांचा आशय जवळजवळ सारखाच होता. घरातील माणसाला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार हे सारे यथासांग पार पडले. देव-गुरु-धर्माच्या कृपेने अहवालही चांगले आले. परंतु माणूस पूर्वीसारखा राहिला नाही. अन्नावर वासना नाही, झोप लागत नाही, पेढीवर तासभर बसले तरी थकवा येतो. डॉक्टर म्हणतात, हळूहळू होईल. नातेवाईक म्हणतात, आयुर्वेदाचे काही तरी सुरू करा. एका भगिनीने तर लिहिले आहे की, घरात आजमितीस चार प्रकारची चूर्णे आणि दोन काढे येऊन पडले आहेत, आणि कोणाचे मन मोडावे हे कळत नाही.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले. तथापि या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या घराने मोठी किंमत मोजून शिकलेले आहे. ते वाचकांपुढे ठेवणे हे माझे कर्तव्य आहे असे वाटते.

आरंभ कुडपणपासून करतो, कारण पुढच्या हकिगतीतील दोन्ही झाडे मी प्रथम तेथेच पाहिली.

पोलादपूर तालुक्याच्या पार टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले हे गाव शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. पावसाळ्यात तेथील भीमाची काठी हा धबधबा पाहण्यास हल्ली पुष्कळ लोक जातात. मी बँकेच्या कामानिमित्त तिकडे जात असे, तेव्हा मात्र वाट बिकट होती आणि पाहुणे विरळा. नाचणी-वरीची उतरती शेते, चार गुरे आणि हंगामात रानातून गोळा केलेला हिरडा, एवढ्यावर घरे चालत. कर्जाच्या अर्जावर उत्पन्नाचे साधन म्हणून ‘हिरडा’ हा शब्द मी स्वतःच्या हाताने कित्येकदा लिहिला आहे. कोवळेपणी तोडून वाळवलेला बाळहिरडा उतरणीवरून खाली येई आणि आपल्याच समाजबांधवांच्या दुकानांतून पुढच्या बाजारपेठेत जाई. तोच हिरडा बेहडा आणि आवळ्याच्या संगतीने त्रिफळा होऊन पुन्हा आपल्या घरांत परत येतो.

एकदा एका वयस्क खातेदारांनी मला रानवाटेने नेताना हिरड्याच्या पलीकडील एक लहानसर झाड दाखविले. पान चुरगळून माझ्या नाकापाशी धरले. वास असह्य होता. ते म्हणाले, “साहेब, हा नरक्या. वासावरूनच नाव पडलंय. याला आम्ही घरात आणत नाही. पण रातच्याला चोरून तोडणारे येतात, ट्रक भरून नेतात म्हणे. कशाला नेतात ते काय आम्हाला ठावं नाही.” मलाही ठाऊक नव्हते. ते कळण्यास पुढे अनेक वर्षे जावी लागली, आणि कळले ते एका रुग्णालयाच्या खाटेपाशी.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, यांचा किराणा मालाचा व्यापार आहे. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि यकृतातही एक गाठ दिसली. मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपी सुरू झाली. पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी विचारले होते, “काका, आणखी कुठले औषध चालू आहे का?” दादांनी रक्तदाबाची गोळी सांगितली. “आयुर्वेदिक, होमिओपॅथिक काही?” दादा म्हणाले, “नाही.” ते खोटे बोलत नव्हते. तीस वर्षे रोज रात्री कोमट पाण्याबरोबर घेतलेले एक चमचा त्रिफळा चूर्ण त्यांच्या लेखी औषध नव्हतेच. तो नित्यक्रम होता. दात घासतो असे कोणी डॉक्टरांना सांगते काय?

काही महिन्यांनी औषध बदलले. नव्या औषधाचे नाव इरिनोटेकॅन. दुसऱ्या मात्रेनंतर चौथ्या दिवशी दादांना जुलाब सुरू झाले आणि थांबेनात. डॉक्टरांनी आधी सूचना देऊन ठेवली होती, गोळ्याही दिल्या होत्या. पण त्यांचा उपयोग होईना. रात्री दोन वाजता त्यांना मोटारीत घालून नेले, तेव्हा बोलण्याचेही त्राण उरले नव्हते. पाच दिवस सलाइनवर राहावे लागले, मूत्रपिंडाचे आकडे बिघडले, आणि पुढील मात्रा तीन आठवडे लांबणीवर पडली. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने पथ्यपाण्याची चौकशी करताना वहिनींना सहज विचारले, “घरून काही देता का?” वहिनी म्हणाल्या, “नाही हो. फक्त रात्रीचं त्रिफळा. ते मात्र मी चुकवलेलं नाही.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले. इरिनोटेकॅन शरीरात गेल्यावर त्याचे जे क्रियाशील रूप तयार होते, ते पित्तावाटे आतड्यात उतरते आणि आतड्याचे अस्तर सोलवटते. जुलाब हा त्या औषधाचा स्वतःचाच परिणाम आहे; त्रिफळ्याने तो निर्माण केला असे म्हणता येणार नाही. परंतु सोललेल्या आतड्याला रोज रात्री सारक चूर्ण देणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखे होते. “मला आधी कळले असते,” ते म्हणाले, “तर मी एका वाक्यात ते थांबविले असते.”

मग त्यांनीच सांगितले की, हे इरिनोटेकॅन ज्या मूळ द्रव्यापासून तयार होते, ते आपल्या सह्याद्रीतील नरक्या नावाच्या झाडात मिळते. मी चमकलो. त्या रानवाटेवर हिरडा आणि नरक्या शेजारीशेजारी उभे होते. तीच दोन झाडे दादांच्या पोटात समोरासमोर आली होती, आणि एकाची वार्ता दुसऱ्याच्या जाणकाराला कोणी दिली नव्हती.

त्यानंतर मी या झाडाची माहिती मिळविली. तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. या औषधाचे मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन. ते प्रथम १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून वेगळे करण्यात आले. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी हे ते दोन शास्त्रज्ञ. यांतील मनसुख वाणी हे आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचे. १९२५ साली तेथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावर आज जगभर वापरले जाणारे टॅक्सॉल हे औषधही याच जोडीने शोधले. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात असल्याचे दाखवून दिले. चोरून ट्रक कशासाठी भरत असत, याचे उत्तर येथे मिळते.

परंतु खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. १९७० च्या सुमारास हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा काहींच्या गाठी कमी झाल्या खऱ्या. पण मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशींची घट असे भयंकर परिणाम झाले आणि ते प्रयोग थांबवावे लागले. ते द्रव्य पेशीत नेमके काय करते हे १९८५ च्या सुमारास उमगले. मग त्याच्या रेणूत फेरफार करून जपानमध्ये इरिनोटेकॅन सिद्ध झाले आणि अमेरिकेत त्यास १९९६ साली मान्यता मिळाली. झाडातील द्रव्य हाती लागल्यापासून औषध रुग्णाच्या उशाशी येईपर्यंत तीस वर्षे गेली. ती तीस वर्षे मात्रा ठरविण्यात, विषारीपणा कमी करण्यात आणि कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये हे शोधण्यात खर्ची पडली.

हे सांगण्याचे कारण असे की, दादा आजारी असताना एका हितचिंतकांनी आम्हास सुचविले होते, “तिकडच्या रानात कॅन्सरवरचं लाकूड मिळतं. उगाळून द्या, परदेशातसुद्धा त्याचंच औषध करतात.” त्यांचे प्रेम खरे होते, आणि त्यांचे वाक्यही अर्धे खरे होते. अर्धे खरे वाक्यच घात करते. उगाळलेल्या लाकडात द्रव्य किती, हे कोणी मोजायचे? जे प्रयोग शास्त्रज्ञांनी रक्तस्राव पाहून थांबविले, तेच आपण घरी, वजनकाट्याशिवाय, आपल्या माणसावर करायचे काय? आपल्या अंगणातील सदाफुलीचेही असेच आहे. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील मोलाची औषधे मिळतात; म्हणून तिची पाने चावून खाणे हा उपचार ठरत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग आयुर्वेदाला कर्करोगात स्थानच नाही काय? स्थान आहे, आणि ते सन्मानाचे आहे. फक्त ते कोणते हे ओळखले पाहिजे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत अर्बुद आणि ग्रंथी यांची वर्णने आहेत. आणि रोग साध्य की असाध्य हे आधी निश्चित करून मगच वैद्याने हात घालावा, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. सर्व रोग बरे करण्याची हमी देणे ही त्या शास्त्राची रीत नव्हे. अग्नी, बल, निद्रा, आहार, दिनचर्या यांची निगा राखणे हे मात्र त्याचे खास क्षेत्र. कर्करोगाचे उपचार संपल्यावर माणसाला नेमकी याच गोष्टींची उणीव भासते. गाठ काढण्याचे काम शल्यविशारदाचे; गाठ गेल्यावर माणूस पुन्हा उभा करण्याच्या कामात वैद्याचा हातभार लागू शकतो.

याविषयी थोडेफार शास्त्रीय कामही झाले आहे. मंगळूर येथे डोक्याच्या व मानेच्या कर्करोगाचे किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांना हळदीच्या पाण्याच्या गुळण्या देऊन पाहिल्या. तोंड येण्याचा त्रास उशिरा सुरू झाला आणि सौम्य राहिला, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मलेशियात स्तनाच्या कर्करोगाच्या १०० स्त्रियांच्या अभ्यासात, केमोथेरपीबरोबर अश्वगंधा घेणाऱ्यांना थकवा कमी जाणवला, असे २०१३ साली नोंदविले गेले. मात्र कोणाला अश्वगंधा द्यावी याची निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष पक्का म्हणता येत नाही. केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर सुंठीच्या अल्प मात्रेचा उपयोग होतो, असे अमेरिकेतील ५७६ रुग्णांच्या अभ्यासात २०१२ साली दिसले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तर स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवर योगासनांचा रीतसर अभ्यास केला आणि त्याचे अनुकूल निष्कर्ष २०२२ साली जगापुढे मांडले. पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचे केंद्र आयुर्वेद आणि आधुनिक कर्करोगचिकित्सा यांची सांगड घालण्याचे काम अनेक वर्षे करीत आहे. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. मूळ उपचार चालू ठेवून, त्याच्या जोडीला आणि सर्वांच्या देखत हे केले जाते.

मूळ उपचार सोडून केवळ पर्यायी उपचारांचा मार्ग धरला तर काय होते, याचाही हिशेब झालेला आहे. अमेरिकेतील नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असतानाही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी करण्यात आली. पहिल्या गटातील मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. व्यापारी माणसाला एवढा आकडा पुरे व्हावा.

आता दुसरी बाजू. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. मुंबईत २०२० च्या अखेरीस, करोनाच्या भीतीने गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे तेथील यकृततज्ज्ञांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची गल्लत झाली असावी असे म्हटले. वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. पण आपण यातून काय घ्यावे? कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती हे जर आपल्याला सांगता येत नसेल, तर केमोथेरपीने आधीच शिणलेल्या यकृतावर ती लादू नये. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेक भगिनींना पाच वर्षे वा त्याहून अधिक काळ टॅमॉक्सिफेन घ्यावे लागते. नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ साली १६ स्त्रियांवर केलेल्या छोट्या अभ्यासात असे आढळले की, हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी, विशेषतः त्यांत मिऱ्याचा अर्क असता, टॅमॉक्सिफेनच्या क्रियाशील अंशाचे रक्तातील प्रमाण घटते. वरणातील चिमूटभर हळदीला याची बाधा नाही. प्रश्न आहे तो अर्क काढून भरलेल्या गोळ्यांचा. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. आणि भस्मे व रसौषधी शुद्ध पद्धतीने झाली नसतील, तर शिसे आणि पारा पोटात जाण्याची भीती असते. २००४ साली बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

म्हणून बाजारातून काही घेतलेच, तर वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, निर्मितीची आणि मुदत संपण्याची तारीख पाहावी. कागदाच्या पुडीत बांधलेले, घटक न सांगता दिलेले चूर्ण, देणारा कितीही सज्जन असो, कर्करोगातून उठलेल्या माणसाच्या तोंडात घालू नये. आणि ‘कर्करोग हमखास बरा’ अशी जाहिरात दिसली तर ओळखावे की, १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. बिनसहीचा धनादेश आपण वटवीत नाही. मग बिनसहीचे औषध कसे वटवावे?

आपल्या घरांपुढे आणखी एक प्रश्न असतो, जो इतरांना सहसा पडत नाही. पुष्कळशी आयुर्वेदिक औषधे मधाच्या अनुपानाने सांगितलेली असतात. च्यवनप्राशात मध असतो. शंखभस्म, प्रवाळ, मौक्तिक ही जीवजन्य द्रव्ये. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश. शतावरीसारखी औषधे तर कंदच. ज्यांचे नियम काटेकोर आहेत त्यांनी काय करावे? याचा विचार आपल्या आचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. द्वादशांगातील दृष्टिवादाच्या चौदा पूर्वांमध्ये ‘प्राणावाय’ हे पूर्व आरोग्यविषयक मानले जाते. त्या परंपरेचा वारसा सांगणारा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ उग्रादित्याचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात रचला, आणि त्यात मांस, मद्य व मध वर्ज्य करून चिकित्सा सांगितली. हा ग्रंथ १९४० साली आपल्या सोलापुरातून पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. म्हणजे नियम आणि औषध यांचा मेळ घालता येतो. वैद्यांना पहिल्याच भेटीत आपले त्याग स्पष्ट सांगावेत. मधाऐवजी तूप, खडीसाखर किंवा कोमट पाणी यांचा पर्याय ते सुचवितात. त्यांना न सांगता परस्पर घटक वगळू नयेत.

तसेच उपवासाचे. चातुर्मासात अठ्ठाई करावी, वर्षीतप पुरे करावे, अशी तळमळ आजारातून उठलेल्या माणसाला अधिकच लागते. त्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु वजन घटलेले असताना, गोळ्या ठरावीक वेळी पाण्याबरोबर घ्यावयाच्या असताना, पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा अहवाल महाराजसाहेबांपुढे ठेवावा. माझा अनुभव असा आहे की, सर्व हकिगत ऐकल्यावर ते स्वतःच झेपेल एवढाच नियम देतात. रात्रिभोजनत्याग मात्र अशा रुग्णांना बहुधा सोसतो, कारण सूर्यास्तापूर्वीचे हलके जेवण वैद्यही सांगतात.

आता दादांकडे वळतो. उपचार पूर्ण झाल्यावर त्यांची अवस्था पत्रांत लिहिल्याप्रमाणेच होती. शिवाय केमोथेरपीतील एका औषधाने बोटांच्या टोकांना बधिरता आली होती. ज्या हातांनी चाळीस वर्षे नोटा मोजल्या, त्या हातांना दोन नोटा सुट्या करता येईनात. गल्ल्यावर बसून ते पोराला म्हणाले, “तूच मोज बाबा.” त्या वाक्याने वहिनी आजारात रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या.

आम्ही महाडच्या एका जुन्या वैद्यांकडे गेलो. या वेळी मी एक काम केले. एक कोरी वही घेतली आणि दादांना म्हणालो, “दादा, आपल्या धंद्यात काही लोक दोन वह्या ठेवतात. एक दाखवायची, एक खरी. तुम्ही कधी ठेवली नाहीत. पण आजारात तुम्ही नकळत दोन वह्या ठेवल्यात. डॉक्टरांची वेगळी, घरची वेगळी. आता एकच ठेवायची.” त्यांनी मान डोलावली.

त्या वहीत डावीकडे तारीख, मग औषधाचे नाव, मात्रा, कोणी दिले, कधी सुरू, कधी बंद, आणि शेवटच्या रकान्यात काही त्रास झाला असल्यास तो. गोळ्या, चूर्णे, काढे, तेल, एवढेच काय पण रोजचे लिंबूपाणीही त्यात येते. वैद्यांनी पहिले सहा आठवडे पोटात घेण्याचे औषध दिलेच नाही. मुगाचे कढण, भाताची पेज, ताजे ताक, डाळिंब, सायंकाळचे जेवण लवकर, आणि हातापायांना तिळाच्या तेलाचे हलके अभ्यंग. ही यादी घेऊन आम्ही मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचली, शस्त्रक्रियेच्या जागी व पोटावर मालिश नको एवढी एक अट घातली, आणि पुढे वैद्यांनी चूर्ण सुरू केले तेव्हा दर तीन महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी लिहून दिली. दोघांनी एकमेकांना पाहिलेही नाही. पण त्या वहीत दोघांची अक्षरे एकाखाली एक आहेत.

तेलाने दादांच्या नसा बऱ्या झाल्या असा दावा मी करणार नाही. बधिरता काळाच्या ओघातही ओसरते. पण रोज सकाळी अर्धा तास वहिनी त्यांचे हात चोळीत, त्या वेळी त्यांची चिंता उतरे, हे मी पाहिले आहे. भूक आली, झोप आली, वजन चार किलोंनी वाढले.

आपल्या धर्मात आलोचना सांगितली आहे. झालेला दोष गुरूंपुढे जसा घडला तसा, काही न लपविता, न सावरता सांगावयाचा. मगच प्रायश्चित्त मिळते. सांगताना एक जरी गोष्ट मागे ठेवली तर ती आलोचना पूर्ण होत नाही. मला वाटते, रुग्णाने वैद्य आणि डॉक्टर या दोघांपुढेही अशीच आलोचना केली पाहिजे. ‘ते रागावतील’ या भीतीने लपविणे, किंवा ‘हे औषध थोडेच आहे’ म्हणून सोडून देणे, या दोन्हींचा परिणाम एकच. आणि डॉक्टरबंधूंनाही नम्र विनंती की, रुग्णाने आयुर्वेदाचे नाव काढताच त्याला झिडकारू नये. झिडकारलेला माणूस औषध बंद करीत नाही, फक्त सांगणे बंद करतो.

आपण स्याद्वाद मानतो. प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने खरे, हे विचारल्याशिवाय ते स्वीकारायचे नाही, ही आपल्या विचारांची शिस्त. ‘त्रिफळा गुणकारी आहे’ हे खरे. कोणाला, केव्हा, किती, आणि कशाच्या जोडीने, हे चार प्रश्न विचारले तरच खरे. दादांच्या बाबतीत ते तीस वर्षे खरे होते आणि त्या एका आठवड्यात खोटे ठरले.

आणखी एक विनंती करून थांबतो. चार दानांत औषधदान मोठे मानले आहे. पुढील पर्युषणात आपल्या गावात कोणी कर्करोगातून उठले असेल, तर त्याच्या घरी आणखी एक चूर्णाची बाटली पाठवू नका. तपासणीसाठी मुंबईला जाण्याचे मोटारभाडे द्या, एक दिवस दुकान सांभाळा, सोबत जा. आणि जाताना एक कोरी वही न्या.

दादांच्या वहीचे पहिले पान मी परवा पुन्हा पाहिले. पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे: ‘त्रिफळा चूर्ण, एक चमचा, रात्री, तीस वर्षांपासून.’ तिच्यावर तांबडी आडवी रेघ आणि बंद केल्याची तारीख. सोळा महिन्यांनंतरच्या पानावर ती पुन्हा आली आहे: ‘त्रिफळा चूर्ण, अर्धा चमचा, आठवड्यातून तीनदा.’ शेवटच्या रकान्यात ‘त्रास नाही’ असे लिहिले आहे, आणि ते अक्षर दादांचे आहे.

जय जिनेंद्र.